पाण्याची बाटली आधी मोजा: रॅटच्या दारूचा प्रयोग लावणाऱ्यांसाठी

दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाचं कुणीतरी माझ्या केबिनच्या दारात उभं राहतं. "मॅडम, व्हॅरेनिक्लिन घेऊ का? निकोटिनिक रिसेप्टरवर काम करतं, रॅटची दारू कमी होते म्हणे." व्हॅरेनिक्लिन म्हणजे सिगारेट सोडवायचं औषध; ते देऊन, दारू आणि पाणी अशा दोन बाटल्यांतून रॅट दारू कमी पितो का हे मोजायचं, असा हा प्रयोग. घे की, म्हणते मी. मग पुढचे दोन तास तेच ते सांगत बसते आणि चहा गार होतो. यंदा ठरवलं, एकदाचं लिहूनच काढायचं.

हा विषय मला कुठल्या जर्नलमधून सुचलेला नाही. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, आणि दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. चेकरनं दोन मुठी बाजूला काढल्या की त्या संध्याकाळी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आजूबाजूला सगळे यंत्रमागावरचे कामगार. पगाराच्या रात्री ज्याच्या एका हातात ग्लास, त्याच्या दुसऱ्या हातात विडी. एरवी दिवसाला चार ओढणारा माणूस त्या रात्री अख्खी जुडी संपवायचा. मला वाटायचं, सवयच असते एकेकाची. फार्माकॉलॉजीच्या वर्गात कळलं की दारू आणि तंबाखू मेंदूत शिरतात वेगवेगळ्या दारांनी, पण पुढे एकाच गल्लीत येऊन भेटतात.

ती गल्ली थोडक्यात सांगते, कारण व्हायव्हात तिथंच अडकता. निकोटिनिक रिसेप्टर म्हणजे पाच तुकडे गोलाकार उभे करून केलेली एक नळी. ॲसिटिलकोलीन, म्हणजे पेशींमधला निरोप्या रेणू, चिकटला की नळी उघडते आणि सोडियम आत शिरतो. तुकडे बदलले की रिसेप्टरचा स्वभाव बदलतो. मेंदूत निकोटिनला सगळ्यात घट्ट धरणारा प्रकार अल्फा-चार बीटा-दोन, आणि तो मध्यमेंदूतल्या व्हीटीए भागात डोपामीन, म्हणजे 'हे पुन्हा हवं' असं वाटायला लावणारं रसायन, बनवणाऱ्या पेशींवर भरपूर असतो. दारू पोटात गेली की व्हीटीएमध्ये ॲसिटिलकोलीन वाढतं, या नळ्या उघडतात आणि पुढे न्यूक्लियस अकम्बन्स या मेंदूच्या भागात डोपामीन सुटतं. म्हणजे दारू या रिसेप्टरला निकोटिनसारखी थेट जाऊन चिकटत नाही, तरी त्याच्याकडून काम करून घेते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटानं नव्वदच्या दशकात मेकामिलामीन देऊन हे रिसेप्टर बंद केले, तेव्हा रॅटची दारू कमी झाली. आणि त्याच गटाला १९९६ साली दिसलं की रोज निकोटिन दिलेले रॅट दारू जास्त पितात. ते वाचलं तेव्हा मला पगाराची रात्र आठवली.

मग २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका गटानं व्हॅरेनिक्लिन रॅटला देऊन पाहिलं. सिगारेट सोडवण्यासाठी हे औषध अमेरिकेत २००६ पासूनच मंजूर होतं. त्या रॅटची दारू कमी झाली, पण पाणी कमी झालं नाही आणि साखरेच्या पाण्यासाठीची धडपडही तशीच राहिली. सगळे विद्यार्थी यातलं पहिलं अर्धं वाक्य पाठ करून येतात. तुम्ही दुसरं अर्धं वाचा. तुमचा सगळा प्रयोग त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी आहे.

आता कामाला लागू. आधी कागद. जनावरावरचं काहीही संस्थेच्या नैतिक समितीच्या, म्हणजे आयएईसीच्या मंजुरीशिवाय सुरू करायचं नाही. फॉर्म बी भरायचा आणि त्यात जनावरांची संख्या का एवढीच, हे खरं कारण देऊन लिहायचं. "मागच्या बॅचनं सहा घेतले होते" हे कारण नव्हे. जनावरांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या समितीचं, सीपीसीएसईएचं, नाव आता सीसीएसईए झालंय, जुना मथळा तसाच चिकटवू नका. दुसरा कागद दारूचा. ॲब्सोल्यूट अल्कोहोल, म्हणजे जवळजवळ शुद्ध इथेनॉल, ठेवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. कॉलेजकडे तो असतो, पण किती लिटर शिल्लक आहे ते स्टोअरकीपरला आधीच विचारा. आणि डिनेचर्ड स्पिरिट चालेल का, हे मला पुन्हा कुणी विचारू नका. त्यात मुद्दाम विष घातलेलं असतं.

जनावर कुठलं? माऊस घ्यायचा तर सी-फिफ्टीसेव्हन ब्लॅक-सिक्स. या जातीला दारू आवडते, डीबीए-टू जातीचा माऊस मात्र तोंड फिरवतो. हे १९५९ पासून माहीत आहे. आपल्याकडे सहज मिळतात ते विस्टार रॅट. आठवड्यातून तीन दिवस दारू आणि मधले दिवस नुसतं पाणी, ही मोंट्रियलमध्ये १९७३ साली वापरलेली युक्ती त्यांना बरोबर लागू पडते. सोमवार, बुधवार, शुक्रवार चोवीस तास दोन बाटल्या: एकीत २० टक्के इथेनॉल, दुसरीत पाणी. बाकीच्या दिवशी दोन्हीत पाणी. साखर घालून चटक लावायची गरज नाही. मध्ये खाडा पडला की जनावर परत आल्यावर जास्त पितं. उपासाच्या दुसऱ्या दिवशी आपण कसे तुटून पडतो, तसं. परदेशी प्रयोगशाळांतले विस्टार अशा पद्धतीनं दिवसाला किलोमागं पाच-सहा ग्रॅम इथेनॉलपर्यंत गेलेत. आमच्याकडचे बरेच तीन-चारवर अडकले. एकदोघे तर अगदी माळकरी निघाले. त्यांचं काय करायचं ते प्रयोगाआधीच लिहून ठेवा, म्हणजे अमुक ग्रॅमच्या खाली राहिला तर गटात नाही. आकडे बघून मग नियम केला तर ती लबाडी.

द्रावण करताना २०० मिली ॲब्सोल्यूट अल्कोहोल मोजपात्रात घ्या आणि पाणी घालत घालत एक लिटरच्या खुणेपर्यंत आणा. २०० मध्ये ८०० मिसळू नका, कारण दारू आणि पाणी मिसळलं की आकारमान थोडं आक्रसतं. ९५ टक्क्यांचं स्पिरिट असेल तर साधारण २१० मिली. आणि दोन्ही बाटल्यांचं पाणी एकाच भांड्यातलं हवं. सोलापुरात हे सांगावं लागतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मधल्या काळात टाकीतलं, नाहीतर टँकरचं. पहिल्या दिवशीच्या पाण्याला क्लोरीनचा वास मारतो, टँकरच्या पाण्याची चव मचूळ. रॅटचं नाक आपल्यापेक्षा तिखट. दारूच्या बाटलीत डिस्टिल्ड आणि पाण्याच्या बाटलीत नळाचं असेल, तर तो दारू निवडतोय की फक्त चांगलं पाणी, हे देवालाच ठाऊक.

आता बाटलीवर जरा थांबते, कारण माझं एक वर्ष या बाटलीनं खाल्लंय. एप्रिल महिना होता, बाहेर बेचाळीस. आठ रॅट तयार होऊन औषधाचा पहिला डोस पडला, आणि दुपारी तीनला वीज गेली. जनरेटरवर ॲनिमल हाऊस जोडलेलंच नव्हतं. एसी बंद, दोन तासांत खोली तापली. दुसऱ्या दिवशी बाटल्या काट्यावर ठेवल्या तर औषध घेतलेल्या दिवशी दारू वाढलेली. आठपैकी सात जनावरांत! मी वहीत लाल पेनानं लिहिलंसुद्धा, "उलटा परिणाम?" तेवढ्यात आमचे मामा, म्हणजे ॲनिमल हाऊसचे शिपाई, पिंजरे धुता धुता म्हणाले, "मॅडम, दारूच्या बाजूचं तूस लईच वलं हाय की हो. उंदीर पितोय का सांडतोय?"

अर्धी रिकामी बाटली उलटी टांगलेली असते. आतली हवा तापली की फुगते आणि द्रावण तोटीतून बाहेर ढकलते. शिवाय २० टक्के इथेनॉलचा पृष्ठताण पाण्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच असतो, त्यामुळे ज्या तोटीतून पाणी थेंबभर थांबून राहतं, तिथूनच दारू टपकत राहते. उष्णतेनं दोन्ही बाटल्या गळाल्या, पण दारूची जास्त. माझा "उलटा परिणाम" तुसात मुरला होता.

तेव्हापासून रॅकवर एक पिंजरा रिकामा ठेवते. त्याला इतरांसारख्याच दोन बाटल्या लावायच्या, आत जनावर नाही. रोज त्यांचंही वजन करायचं, आणि जेवढी घट तिथं दिसेल तेवढी प्रत्येक रॅटच्या आकड्यातून वजा करायची. बाटल्या काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. गोळी बसवलेली तोटी घ्या. लावल्यावर एकदा हलकी टिचकी मारा आणि पहिले थेंब पडून गेल्यावरच वेळ लिहा.

हिशेब करून दाखवते. रॅट ३०० ग्रॅमचा. दारूची बाटली चोवीस तासांत ९ ग्रॅमनं हलकी झाली, रिकाम्या पिंजऱ्यातली १ ग्रॅमनं. म्हणजे प्यायला ८ ग्रॅम द्रावण. २० टक्के द्रावणाच्या एका ग्रॅममध्ये इथेनॉल ०.१६२ ग्रॅम. आठ गुणिले ०.१६२ म्हणजे १.३ ग्रॅम, त्याला ०.३ नं भागलं की किलोमागं ४.३. गळती वजा केली नसती तर ४.९ आलं असतं. एवढ्या फरकावर लोक पेपर छापतात.

टक्केवारीच्या मोहातही पडू नका. समजा हाच रॅट त्या दिवशी २२ मिली पाणी प्यायला. दारूचा एकूण पिण्यातला वाटा झाला २७ टक्के. आता उकाड्यानं पाणी ४० मिलीवर गेलं, दारू तेवढीच राहिली, तर वाटा येतो १७ टक्क्यांवर. वाचणाऱ्याला वाटेल, केवढा गुण आला! म्हणून किलोमागे ग्रॅम, पाणी मिलीत आणि वाटा, हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. आणि वहीत पाण्याचा रकाना डावीकडे, दारूचा त्याच्यानंतर. मुलं हसतात. पण पाणी आधी लिहिलं की दारूचा आकडा बघून पाण्याचा "साधारण" आकडा टाकायचा मोह होत नाही.

बाटल्यांची बाजू प्रत्येक सत्राला, म्हणजे दारूच्या प्रत्येक दिवशी, बदला. काही रॅट जन्मभर डाव्याच कोपऱ्यात पितात, बाटलीत काय आहे याच्याशी त्यांचं देणंघेणं नसतं. एका पिंजऱ्यात एकच रॅट. खोली बावीस-तेवीस अंशांवर, बारा तास उजेड, बारा तास अंधार. रॅट रात्री पितो, म्हणून बाटल्या दिवे मालवायच्या वेळी लावायच्या. ज्यांना रात्री थांबता येत नाही त्यांनी दिव्यांचं चक्र उलटं करून घ्यावं, मात्र त्यानंतर जनावराला दोन आठवडे रुळू द्यावं. जानेवारीत औषधाचे दिवस टाकू नका. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं, आणि त्या दारूचा आवाज आपल्या दारूच्या आकड्यांत उतरतो.

आणि तंबाखू. आमच्या मामांच्या डाव्या हातावर सतत मळणं चालू. चुना, तंबाखू, दोन टाळ्या. त्याच बोटांनी तोटी बसवायची! आपण निकोटिनिक रिसेप्टरचा प्रयोग करतोय आणि तोटीवर निकोटिन माखतोय. हातमोजे द्या, तुम्हीही घाला. मामांना राग येईल असं वाटलं होतं, पण कारण सांगितल्यावर त्यांनीच पाटी लावली: "मळून आत येऊ नये."

साधारण चार-पाच आठवड्यांत आकडे स्थिरावतात. तीन सत्रं ओळीनं फार वरखाली न झालेली दिसली की मगच औषध. पण त्याआधी तीन-चार सत्रं नुसत्या सलाईनचं इंजेक्शन द्या. मानेमागची कातडी धरून सुई टोचली की नवखा रॅट रागावून तासभर काहीच पीत नाही, आणि तुम्ही त्याला औषधाचा गुण म्हणता. टोचण्याची सवय झाली पाहिजे, त्याला आणि तुम्हालाही.

व्हॅरेनिक्लिन टार्ट्रेट स्वरूपात मिळतं आणि इथं दरवर्षी कुणीतरी घसरतं. डोस बेसमध्ये, म्हणजे नुसत्या मूळ औषधाच्या वजनात सांगतात, बाटलीत त्याचा क्षार, म्हणजे टार्ट्रेट असतं. १ मिलिग्रॅम बेससाठी १.७१ मिलिग्रॅम टार्ट्रेट. किलोमागे १ मिली टोचायचं ठरवलं आणि डोस २ मिलिग्रॅम बेस असेल, तर एका मिलीत ३.४२ मिलिग्रॅम टार्ट्रेट हवं. ३०० ग्रॅमच्या रॅटला त्यातलं ०.३ मिली, कातडीखाली, बाटल्या लावायच्या अर्धा तास आधी. सलाईन, १ मिलिग्रॅम, २ मिलिग्रॅम, असे तीन डोस प्रत्येक रॅटला वेगवेगळ्या क्रमानं, मध्ये आठवडाभराची मोकळीक. म्हणजे प्रत्येक रॅटची तुलना त्याच्याशीच होते आणि कमी जनावरांत भागतं. सिरिंज भरणारा एक आणि टोचून बाटल्या मोजणारा दुसरा. कुठल्या सिरिंजमध्ये काय आहे ते मोजणाऱ्याला कळता कामा नये. मैत्रीण असली तरी सांगायचं नाही. वजन अर्ध्या तासानं, सहा तासांनी आणि चोवीस तासांनी करा. फक्त चोवीस तासांचा आकडा घेतलात तर सुरुवातीला पडलेला फरक उरलेल्या रात्रीत बुजून जातो.

हे औषध अल्फा-चार बीटा-दोनचं दार अर्धवट उघडून तिथंच अडून बसतं. थोडं डोपामीन सुटतं, पण दुसऱ्या कुणाला पूर्ण उघडू देत नाही. मेकामिलामीनची तऱ्हा वेगळी. ते सगळेच निकोटिनिक रिसेप्टर अडवतं, मेंदूबाहेरच्या गँग्लियातले, म्हणजे मज्जापेशींच्या गाठींतलेही. एकेकाळी ते रक्तदाबाचं औषध होतं, ते त्याचमुळं. रॅटचा दाब उतरला, आतडी मंदावली, की तो दारू काय, काहीच धड पिणार नाही. मेकामिलामीन घेणाऱ्यांनी हेक्सामिथोनियमचा एक गट ठेवा. ते बाहेरचे रिसेप्टर अडवतं, पण मेंदूत जवळजवळ शिरत नाही. त्यानंही दारू कमी झाली तर तुमची कमाई मेंदूतली नाही.

व्हॅरेनिक्लिनची अडचण मळमळीची. माणसांमध्ये हीच सगळ्यात मोठी तक्रार. रॅटला मळमळलं तर कळायचं कसं? त्याला उलटीच करता येत नाही, तशी त्याच्या शरीराची रचनाच नाही. पण पोट ढवळलं की तो माती खातो. डोहाळ्यात बायका भाजकी माती खातात, तसा. म्हणून पिंजऱ्यात केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या, गोळ्या वजन करून ठेवायच्या आणि किती कुरतडल्या ते बघायचं. सोबत खाणं मोजायचं, अंगाचं वजन घ्यायचं, पाच मिनिटं मोकळ्या चौकटीत सोडून चालणं पाहायचं. आणि वेगळ्या आठवड्यात दारूच्या जागी साखरेचं पाणी ठेवून तेच डोस पुन्हा. दारू उतरली, साखर तशीच, पाणी तसंच किंवा थोडं वाढलेलं, माती शिवलेली नाही, तर म्हणा की काहीतरी हाती लागलं. सगळंच उतरलं असेल तर रॅट आजारी आहे, सुधारलेला नाही. हा निकाल नकारात्मक म्हणून लपवू नका, तोही तसाच छापा.

घरच्यांना काय सांगायचं, हाही प्रश्न येतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या मावशीनं विचारलं, "मग ह्यांना देऊ का ती गोळी?" अमेरिकेत २०१३ साली दारूचं व्यसन असलेल्या २०० माणसांवर अनेक केंद्रांत चाचणी झाली. बेसुमार पिण्याचे दिवस व्हॅरेनिक्लिननं कमी झाले. पण सगळ्याच चाचण्यांत असं दिसलं नाही, आणि दारूसाठी तिथंही हे मंजूर औषध नाही. दारू सोडवायला डायसल्फिराम, नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट आहेत. ती मानसोपचाराच्या ओपीडीत डॉक्टर ठरवतील. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून घरच्या घरी काही करू नका. मावशीला हे तिच्याशी तेलुगूत बोलून समजावलं आणि ओपीडी कुठल्या दिवशी असते ते कागदावर लिहून दिलं.

शेवटचं काम विद्यार्थी हमखास गाळतात. डोस संपले की त्यांच्या लेखी प्रयोग संपला. एकेका डोसाऐवजी सहा दिवस रोज औषध दिलं असेल तर त्यापुढची तीन सत्रं औषधाविना तशाच दोन बाटल्या लावा. औषध थांबल्यावर दारू उसळून आधीपेक्षा वर जाते का, ते तिथं दिसतं. २००७ च्या कामात अशी उसळी आली नव्हती. तुमच्यात येते का, बघा. मामांना मात्र हे आधी सांगून ठेवा, कारण औषध संपलं म्हटलं की ते त्याच दुपारी सगळ्या बाटल्या धुऊन गच्चीवर वाळत घालतात.